अकरा पावलांवरची डबी

पुस्तकबांधणीच्या त्या घरात वडिलांपासून चालत आलेली एक शिस्त होती. पुस्तकाच्या पाठीला खळ लागली की ते दाबात जाईपर्यंत कुणी जागचं उठायचं नाही. थोरल्याने ती वडिलांपेक्षाही कडक पाळली. राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असे. धाकटा हसून म्हणायचा, “दादाला दाबात घातला तरी सरळ व्हायचा नाही.”

धाकटा बारा वर्षांचा असल्यापासून मधुमेहाचं इंजेक्शन घ्यायचा. रक्तातली साखर अचानक खाली गेली तर पटकन तोंडात टाकायला म्हणून गोड गोळ्यांची पत्र्याची डबी त्याच्या टेबलावर असे. एकदा त्या डबीच्या वासाने मुंग्या आल्या आणि वाचनालयाच्या जुन्या नकाशांच्या पुस्तकावर चढल्या. ओल्या खळीत अडकून मेलेल्या मुंग्या थोरल्याने चिमट्याने एकेक वेचल्या. मग त्याने डबी उचलली आणि बाहेर जिन्याखालच्या फळीवर नेऊन ठेवली.

“दादा, कधी कधी मला उठायचंही भान राहत नाही रे.”

“अकरा पावलं आहेत. मोजलीत मी. एवढी कसली नाटकं?”

धाकटा पुन्हा शिवणीकडे वळला. दादापुढे गप्प बसायची त्याला लहानपणापासून सवय होती, आणि थोरल्याला ती सवय आवडायची. हे आता आठवलं की त्याला स्वतःचीच किळस येते.

त्या दुपारी दोन पुस्तकांना खळ लागली होती आणि जेवायची वेळ टळून गेली होती. धाकट्याला घाम फुटला. शिवण वाकडी गेली, सुई बोटात घुसली.

“लक्ष कुठंय तुझं?” थोरला खेकसला.

धाकट्याने सुई भिरकावली. “हमालासारखं राबवलंस मला! तुझी पुस्तकं घाल चुलीत!”

उभ्या आयुष्यात तो असं बोलला नव्हता. हा त्याचा स्वभाव नाही, मग आज हे कुठून आलं, एवढा साधा प्रश्न थोरल्याला पडायला हवा होता. पडला नाही. त्याचं डोकं फिरलं. दोन्ही पुस्तकं दाबात घालून तो वर गेला आणि बायकोला म्हणाला, “त्याला हाक मारायची नाही. पोटात कावळे कोकलले की येईल झक मारत.” मग पोटभर जेवून तो आडवा झाला.

खाली उतरला तेव्हा ऊन भिंतीवरून गेलं होतं. धाकटा दाराकडे तोंड करून जमिनीवर पडला होता. टेबलापासून सात पावलं तो आला होता. उरली होती चार.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती आणि तिने त्याला एका शब्दानेही दोष दिला नाही.

“यकृताकडे साखरेचा थोडा साठा असतो, पण इंजेक्शनचा जोर असला की तो सुटत नाही,” ती म्हणाली. “स्नायूंचा साठा त्यांच्यापुरताच. हृदय चरबीवर भागवून नेतं. मेंदूला मात्र साठवून ठेवायला जागाच नाही काका, त्याला साखर सतत रक्तातूनच लागते. ती कमी पडली की माणूस घामाघूम होतो, चिडतो, वाटेल ते बोलतो. लोकांना वाटतं, भांडतोय.”

“किती वेळ चालतं त्याचं?”

“फार नाही,” ती म्हणाली. “ह्यांचा फार वेळ गेला.”

तीन महिन्यांनी धाकटा घरी आला. हात शाबूत होते. सुई दिली की टाके पूर्वीसारखे एका रेषेत पडत. बाकीचं बरंचसं पुसलं गेलं होतं. काही दिवस तो दादाला ओळखायचा, काही दिवस नाही. ते भांडण त्याला आठवतच नव्हतं. माफी मागायचे शब्द थोरल्याच्या ओठांवर रोज येत, पण ज्याच्याकडे मागायची त्यालाच गुन्हा ठाऊक नव्हता.

एका सकाळी थोरल्याने फळीवरची डबी आणली, पुसली, गोळ्यांनी काठोकाठ भरली आणि धाकट्याच्या हाताशी ठेवली. खळ भांड्यातच घट्ट होत होती, तिच्याकडे त्याने बघितलंही नाही.

“ही आता इथंच राहील,” तो म्हणाला.

धाकट्याने शिवण थांबवली. घाबऱ्या नजरेने त्याने दाराकडे पाहिलं, डबी उचलली आणि भिंतीला हात लावत, एकेक पाऊल टाकत बाहेर गेला. डबी फळीवर ठेवून परतला आणि थोरल्याच्या कानाशी वाकला.

“इथं नका ठेवू हो,” तो हळूच म्हणाला. “दादा ओरडतो.”