डाव्या स्टेअरिंगची जीप

देवचंदची जीप गावात आली आणि डोमनलाल पटलेच्या पोटात जी आग लागली, ती काही केल्या विझेना. विझणार कशी? गावात कुणाचंही लगीन असो, नवरदेव जायचा तो डोमनलालच्याच महिंद्रा जीपमधून. पुढे झेंडूच्या माळा, आणि स्टेअरिंगवर गुलाबी फेटा बांधून हा बसलेला! नवरदेवापेक्षा याचाच थाट जास्त. आणि २००३च्या उन्हाळ्यात शेजारच्या देवचंदनं जबलपूरहून जुनी विलीज आणली. लढाईच्या काळातली, अमेरिकन.

देवळापुढे दोन्ही जिपा शेजारी उभ्या केल्या आणि गाव निरखायला जमलं. तोंडवळा एकच. पण विलीजचं बोनेट बुटकं, महिंद्राचं उंच. आणि विलीजचं स्टेअरिंग चक्क डावीकडे!

"ते असल होय डोमनभाऊ, तुमची तं नकल आहे," शालीकराम म्हणाला.

डोमनलालचं डोकंच सणकलं. "असल घेऊन का चुलीत घालाची आहे? उलट्या बाजूले बसून ट्रकच्या समोरचं दिसन काय त्याले?"

बोलणं खरं होतं, पण ऐकतो कोण! त्याच्या सख्ख्या बहिणीचा, रामबाईचा मुलगा तिलकसुद्धा विलीजवर भाळला.

"मामाजी, राग नोका धरू. वरातीत मी देवचंदभाऊच्या जीपनं जाऊन राहिलो. पण उतरवाले तुमीच पायजे."

रामबाईच्या घरची रीतच तशी. मांडवाशी नवरदेवानं आपणहून पाय खाली टाकायचा नाही, मामानं हात धरून उतरवायचं. तो मान कुठल्या जीपचा नव्हता, मामाचाच होता. पण डोमनलालला तो दिसेल तर ना! त्याच्या डोक्यात भलतंच शिरलं. नवरदेव बसतो ड्रायव्हरच्या शेजारी, म्हणजे डावीकडे. बायका ओवाळायचं ताट घेऊन थांबतात त्या डावीकडेच. आणि या जीपमध्ये डावीकडे कोण? देवचंद! होऊ दे फजिती. डोमनलालनं कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

वरात मांडवाशी पोचली. आपल्या जीपमधून उतरून डोमनलाल फजिती जवळून बघायला धावतच विलीजच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला. नवरीची आई सुशिलाबाई डोळ्यांपर्यंत पदर ओढून पुढे आली, डावीकडे फेटा दिसला तसं तिनं देवचंदलाच कुंकू लावलं आणि ओवाळायलाही लागली.

"बाई, मी नोहो, मी नोहो!" देवचंद ओरडत होता, पण बँडपुढे ऐकू कुणाला येतंय? मग कुणीतरी खदखदून हसलं, सुशिलाबाईनं जीभ चावली, आणि अख्खा मांडव हसत सुटला. डोमनलाल तर टाळ्या पिटत होता. कशी जिरली! त्याला वाटलं, आजवरचा सगळा जळफळाट वसूल झाला.

देवचंदही हसला. कपाळावरच्या कुंकवासकट खाली उतरला आणि बुटक्या बोनेटला वळसा घालून पलीकडे गेला. तिकडे उजवीकडे तिलक केव्हाचा हात पुढे करून बसला होता.

डोमनलालचं हसू थिजलं. तो गर्दीतून धडपडत पलीकडे पोचला, तेव्हा तिलकचे पाय जमिनीवर टेकले होते आणि हात देवचंदच्या हातात होता.

"मामाजी, मी कवाचा हाका मारून राहिलो," तिलक म्हणाला. "कोठी होते तुमी?"