उपासाला चालणारं दूध

मी सुगंधाबाईच्या आंदणातला स्टीलचा पेला बोलतोय. पोटावर तिचं नाव कोरलंय, अजून वाचता येतं. लोकांसाठी ती सुगंधाबाई असेल; मी तिच्याबरोबर सासरी आलो, त्यामुळे माझी ती सुगंधाच.

भुसावळच्या भांडीबाजारातून मी यावलकडच्या केळीवाल्यांच्या घरी आलो. आंदणातली बाकीची भांडी कुठेकुठे गेली. मी मात्र घरधन्याचा, चुडामणभाऊंचा झालो. मळ्यातून आले की ते मला एका हाताने उचलत आणि घटाघटा रिकामा करत. पकड अशी, की मी ओला असलो तरी कधी निसटलो नाही. मला त्याचा भारी तोरा होता, खोटं कशाला बोलू?

मग तो हात थरथरू लागला. चाल आखडली, चेहऱ्यावरचं हसू मावळलं. जळगावच्या डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला, गोळ्या लिहून दिल्या आणि घाईत म्हणाले, "उपाशीपोटी, पाण्याबरोबर." पहिलीच गोळी घेतली आणि भाऊंना मळमळलं. झालं! सुगंधाच्या तोंडचं पाणी पळालं.

"इतकी गरम गोयी उपाशीपोटी? आग पडीन पोटात! दुधासंगं घ्या."

"डाक्टर तं पानी म्हने ना," भाऊ पुटपुटले.

"त्या डाक्टरच्या घरी म्हैस नसीन."

तेव्हापासून रोज माझ्यात म्हशीचं घट्ट दूध आणि भाऊंच्या जिभेवर गोळी. मळमळ थांबली, पण हातांची थरथर काही गेली नाही. माणसांचं हे मला कधी कळलं नाही: गुण आला नाही की औषधाला नावं ठेवतात, मायेनं दिलेल्या वस्तूवर कुणी संशय घेत नाही. सुगंधा तर दूध वाढवत गेली. साय सुद्धा काढायची नाही.

अशात नूतनचं, त्यांच्या एकुलत्या लेकीचं, लग्न ठरलं. भाऊंचा एकच ध्यास होता. कन्यादानाचं पाणी आपल्या ओंजळीतून लेकीच्या हातावर सोडायचं.

कन्यादान करणाऱ्याने उपास धरायचा असतो. त्या सकाळी भाऊंनी अन्नाला स्पर्श केला नाही. पोट रिकामं, समोर गोळी; सगळं आपसूक जुळून आलं होतं. तेवढ्यात सुगंधा मला काठोकाठ भरून घेऊन आली.

"दूध उपासाले चालते. आज ताकद पाहिजे तुमाले."

मांडवात भटजींनी बोलावलं, तेव्हा भाऊंना खुर्चीतून उठता येईना. दोघांनी धरून पाटावर बसवलं. ओंजळ केली, ती इतकी थरथरली की सगळं पाणी पाटावर सांडलं. शेवटी त्यांचे धाकटे भाऊ रुपचंद आणि त्यांची बायको कन्यादानाला बसले. नूतन हमसून हमसून रडत होती. लोकांना वाटलं, सासरी जाते म्हणून.

पुढच्या खेपेला जळगावला मीही होतो. वाटेत गोळी द्यायची म्हणून पिशवीत मी आणि थर्मासात दूध. डॉक्टरांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "हे कशाला?"

"गोयी घरच्या दुधासंगं देते मी," सुगंधा अभिमानाने म्हणाली.

डॉक्टरांनी थर्मास बाजूला सरकवला. "अक्का, दुधातली प्रथिनं या गोळीची वाट अडवतात. गोळी पाण्याबरोबर द्या, दूध-जेवण मागाहून. मळमळलं तर कोरडं बिस्कीट. मीच तेव्हा नीट समजावून सांगायला हवं होतं."

तसं केलं आणि थोड्याच दिवसांत भाऊ स्वतःची बटणं लावू लागले. एकदा केळीच्या बागेपर्यंत चालत जाऊन आले. घर आनंदलं. सुगंधा मात्र ओट्यापाशी बसून रडली. "आधी समजलं असतं तं..." एवढंच म्हणाली. लग्न काही पुन्हा लागत नाही.

तिने मला घासलं, पुसलं आणि फडताळाच्या वरच्या खणात पालथं ठेवलं. तेव्हापासून मी इथे अंधारात आहे. खाली भाऊ विचारतात, "माझा पेला कुठी गेला?" ती म्हणते, "हारपला."

सुगंधा, माझ्याकडे तुला बघवत नाही म्हणून तू मला लपवलंस, हे मला कळतं. पण तू माया केलीस, वाईट काही केलं नाहीस. आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नूतन माहेरी येईल. त्या दिवशी मला खाली काढ. दूध नको, पाणी भर आणि भाऊंच्या हातात दे. लेक दारात उभी राहिली की तिच्या हातांवर ते पाणी त्यांनाच सोडू दे. तेवढी धार आता त्यांना धरता येते.