नऊ नंबरचा खांब

साहेब, तुम्ही न तपासता निकाल दिलात. माझ्या आत्याच्या गाडीच्या काचेवर तुमच्या सहीचा कागद चिकटवलात, तोही असल्या डिंकाने की नखं झिजली तरी निघेना. "गाडी सदोष. वारंवार वीज खंडित. आज चार वाजेपर्यंत जागा रिकामी करावी." दोष कुणाचा हे बघायला तुमच्यातला एक तरी माणूस मीटर घेऊन त्या गाडीत चढला होता का? मी चढले. त्या दिवशी काय झालं ते पहिल्यापासून सांगते. त्यात माझीच अब्रू जाणारा एक भाग आहे, तोही गाळणार नाही.

आत्या अठ्ठावीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करत होती. निवृत्त झाली आणि तिने जुनी मोटरहोम घेतली. म्हणजे चाकांवरचं घर: पलंग, हातभर ओटा, बसायला बाक आणि तिने स्वतः शिवलेले पिवळे पडदे. तुमच्या गाड्यांच्या तळावर नदीच्या बाजूची नऊ नंबरची जागा तिला मिळाली. माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, तेव्हाच म्हणाले होते, "ताई, महिनाभरात परत येशील. मागची खोली ठेवतो." त्या मागच्या खोलीत एक मोडकं कपाट, दोन सायकली आणि बाबांची मतं राहतात. आत्याला मरायलासुद्धा तिथे जायचं नव्हतं.

गाडीचं दुखणं असं होतं की दिवा, पंखा, छोटा फ्रीज सगळं चाले; पण किटली लावली की बाहेरच्या विजेच्या खांबावरचा ब्रेकर टक्कन पडे. इस्त्री लावली तरी तेच. हा साधा ब्रेकर नव्हे. जेवढी वीज आत गेली तेवढी परत आली नाही, वाटेत कुठे गळाली, तर हा पडतो. माणसाच्या अंगातून गळाली तरी पडतो. त्याला बसवलेलंच त्यासाठी असतं.

मी मोटरी रिवाइंड करते, म्हणजे त्यांची जळकी तार काढून नवी गुंडाळते. शिकले कुठेच नाही, लोकांच्या जळक्या मोटरी उघडून बघत शिकले. अकरा वाजता मी पोचले तर आत्या दारातच उभी.

"आलीस? बस, आधी चहा टाकते."

"किटली तर चालत नाही ना?"

"गॅस आहे. वीज रुसली म्हणून चहा थांबत नाही आपल्याकडे."

मी किटली तपासली, निर्दोष. इस्त्री तपासली, तीही निर्दोष. माझी स्वतःची हीटगन, म्हणजे गरम वाऱ्याची पिचकारी, लावली, तरी टक्. मग दहा नंबरचे काका आले. ते जन्मभर ट्रक चालवलेले, आता बायकोबरोबर शेजारच्या गाडीत राहतात. म्हणाले, "आमच्या खांबावर लावून बघा की! आमचा कधी पडत नाही, गुणी आहे."

लांब केबल ओढून आत्याची अख्खी गाडी त्यांच्या खांबावर घेतली. किटली लावली. उकळली, साहेब! शिट्टी मारत उकळली. काकूंनी टाळ्या वाजवल्या. आत्या म्हणाली, "बघ, माझी गाडी सोन्यासारखी आहे."

मी तशीच चपला फटफटवत तुमच्या कार्यालयात आले. खिडकीत कारकून बसला होता.

"खांब तुमचा खराब आणि कागद आम्हाला?"

"बाई, आठ खांबांपैकी एकट्या नऊवर तक्रार आहे." (तुमचे नंबर तीनपासून सुरू होतात. का, ते विचारत नाही. आज तेवढा वेळ नाही.)

"मग तो नववा बदला."

"गाडी बदलणं सोपं नाही का?"

असल्या माणसाशी वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी परत आले, नववा खांब खराब असल्याचं सिद्ध करायला. प्रत्येक ब्रेकरवर एक छोटं बटण असतं. ते दाबलं की तो पडलाच पाहिजे, नाहीतर तो मेलेला. नवव्याचं दाबलं. टक्! लगेच पडला. मग गुणी दहाव्याचं दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

काका म्हणाले, "हळू, बाई. दाराची बेल नाही ती."

मी झाकण उघडलं. आत दोन जाड वायरींचे तुकडे ब्रेकरला वळसा घालून सरळ जोडलेले. तक्रार करणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबावा तसा प्रकार. आत्या माझ्या खांद्यावरून डोकावली.

"अगं, हेच तर तळाचा तो वायरमन मला करून देत होता! 'आजी, ब्रेकरला बगल देतो, कटकट संपेल.' मी म्हटलं, हात लावायचा नाही. धुलाईखान्यात ओल्या फरशीवर आमची एक बाई मशीनला चिकटलेली मी डोळ्यांनी बघितलीय. वाचली, पण तिच्या हाताची बोटं आजही सरळ होत नाहीत."

"आणि कागद कधी आला?"

"दुसऱ्याच दिवशी. म्हणजे आज सकाळी."

मी खाली गवतावर बसले. आत्या म्हणाली, "तू खाली बसलीस म्हणजे काहीतरी कळलंय."

"कळलंय, पण बरं नाही कळलं. दोघांमधला खरं बोलणारा खांब आपला आहे. म्हणजे गाडी खरोखर गळतेय, आत्या."

दीड वाजला होता. चारला अडीच तास.

कुठलंही उपकरण, कुठलाही सॉकेट, जड काही लावलं की पडतो. मग दोष उपकरणात नाही, गाडीच्या वायरिंगमध्ये. खांबावरची केबल काढली. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी, आणि अर्थ, म्हणजे जमिनीत जाणारी, या दोन तारांची गाडीच्या आत कुठेही गाठ पडायला नको. बाहेर पडावी, जिथे वीज कंपनी ठरवते तिथे. आत पडली की परतीची वीज अर्ध्या वाटेवरून अर्थच्या तारेत घुसते, आणि ब्रेकरला वाटतं गळाली. मीटर लावला. मीटर पिपाणीसारखा वाजला.

आता गाठ शोधायची. ओट्याजवळचा सॉकेट उघडला, स्वच्छ. बाकाखालचा उघडला, त्यात एक झुरळ आणि बाकी स्वच्छ. तेवढ्यात बाबांचा फोन. आत्याने स्पीकर लावला.

"ताई, निघालीस का? मागची खोली झाडून ठेवलीय."

"झाडलीस? मग आता तूच झोप तिथे. तुझ्या बायकोला तेवढंच बरं."

तिसरा सॉकेट दाराजवळचा, त्यातही काही नाही. चौथा पलंगाच्या मागे. पलंग हलवायला काका आले, काकू आल्या, काकांची पाठ धरली, पाठीला मलम आलं. सव्वादोनला मी तो सॉकेट उघडला.

आत हिरव्या वायरचा बोटभर तुकडा. न्यूट्रलपासून अर्थपर्यंत. चार पीळ, आणि उघडं टोक आत दुमडलेलं.

साहेब, टोक असं आत दुमडणारा माणूस आमच्या भागात एकच आहे. ती मी.

तीन महिन्यांपूर्वी गाडी माझ्या दुकानासमोर उभी होती. तिथल्या जुन्या जोडणीला अर्थची तार नाही. आत्याने दाराला हात लावला की झिणझिण्या येत. मी दोन मिनिटांत हा तुकडा बसवला, झिणझिण्या गेल्या, आत्याने पाठ थोपटली. ज्या घरांत अर्थ नाही तिथे मी वर्षानुवर्षं हेच करत आले. मला कुणी शिकवलं नव्हतं, तसं कुणी चुकतेस असंही सांगितलं नव्हतं. माझ्या दुकानात असला ब्रेकर नाही, म्हणून माझी चूक कधी टक् म्हणाली नाही. उद्या कुठे न्यूट्रल तुटली असती तर गाडीचा अख्खा पत्रा जिवंत झाला असता, आणि आत्या त्याच दाराला धरून उतरली असती.

"आत्या, हे मी केलंय."

तिने तुकडा हातात घेतला, चष्मा वर करून बघितला. "पीळ छान घातलास," म्हणाली. मग माझ्या टाळक्यात एक ठेवून दिली. जोरात. "आता काढ."

काढला. सगळं परत जोडलं. केबल नवव्या खांबावर लावली. किटली चालू, इस्त्री चालू, वर माझी हीटगन. खांब गप्प. आत्याने कपाटातली एक उशीची खोळ काढून तिथल्या तिथे इस्त्री केली. घडी इतकी टोकाला टोक, की काकू म्हणाल्या, "आता ही वापरायची कशी?"

तोवर बातमी रांगेत पसरली होती. जो तो आपापल्या खांबाचं बटण दाबायला गेला. तीन पडला. चार गप्प. पाच गप्प. सहा पडला. सात, आठ गप्प. दहा तर आम्ही उघडूनच बघितला होता.

चारला दहा कमी असताना तुम्ही आलात. किटली बघितलीत, इस्त्री बघितलीत, म्हणालात, "ठीक आहे, दुरुस्त झाली तर राहू द्या." कागद मात्र तुम्हालाही निघाला नाही, काकूंनी गरम पाण्याने काढला. मी बटणांचं विचारलं. तुम्ही म्हणालात, "ते बटण उगाच दाबायचं नसतं."

मग आत्याला बाजूला घेतलंत. हळू बोललात, पण पडद्यामागे मी होते. "आजी, जागा वर्षभर तुमची समजा. फक्त भाचीला सांगा, बटणांचा विषय इथेच संपवायचा. नाहीतर मला सगळीच रांग बंद करावी लागेल, तुमच्यासकट."

सकाळपासून ज्या जागेसाठी झटलो, ती तुम्ही तिच्या तळहातावर ठेवलीत. तिने क्षणभर नदीकडे बघितलं.

"साहेब, मला इथे राहायचंय म्हणजे या गवतावर सकाळी अनवाणी चालायचंय. शेजाऱ्याच्या गाडीला हात टेकून गप्पा मारायच्यात. रांग बंद करायची तर करा. मी काळोखात बसेन, गॅसवर चहा करेन, पण हलणार नाही." आणि मला हाक मारली, "ऐकलंस ना गं? लिही."

म्हणून लिहिलं. माझी चूक मी कबूल केली. असल्या गाठी मी सतरा घरांत मारल्यात. उद्यापासून दारोदार जाऊन सोडवणार आहे, शिव्या खात. आता तुमची पाळी. आठातले पाच ब्रेकर मेलेले आहेत. त्यांना बगल द्यायला कुणी सांगितलं, आणि ते कुठल्या तारखेला बदलणार? तोंडी नको. त्याच डिंकाने, नवव्या खांबावर, तुमच्या सहीचं उत्तर चिकटवा.