बाबांच्या जागेचा अर्ज

रकाना १. मृत कर्मचाऱ्याचे नाव

गुणाकर देवतळे. बालाघाटच्या एका सरकारी कार्यालयात बाबू. एकतीस वर्षे नोकरी, त्यातली तेवीस एकाच खुर्चीवर. डिसेंबर २००६ मध्ये एका दुपारी त्यांनी डबा उघडला, झाकण बाजूला ठेवलं आणि गेले.

रकान्यात दीड बोट जागा आहे. तिच्यात फक्त नाव बसतं.

रकाना ६. अर्जदाराचे नाव

(मधले रकाने नंतर. मला क्रमाने काही करता येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.)

चिन्मय देवतळे, मुलगा, वय तेवीस. हे आईने लिहिलं, मी पुण्यात असताना. कर्मचारी नोकरीत असताना गेला तर घरातल्या एकाला नोकरी मिळते, तिला अनुकंपा म्हणतात. पहिला हक्क बायकोचा. आईने तो स्टॅम्प पेपरवर सोडून दिला होता आणि तो कागद अर्जाला टाचला होता. फक्त माझी सही बाकी होती.

एप्रिलमध्ये मी आठ दिवसांसाठी घरी आलो. तिसऱ्या दिवशी हिरालालकाका आले. बाबांच्या शेजारच्या टेबलावरचे. फाइल तेच सांभाळत होते.

"सोमवार आखरी तारीख हाय," काका म्हणाले. "यहां दस्तखत कर आणि मोकळा हो."

"काका, मी विचार करून राह्यलो."

"चार महिने झाले, विचारच करून राह्यला. सरकारी नौकरी हाय बाप्पा, पसंत करायले पोरगी नाही. पुण्यात काय करतं तू?"

"वेबसाइट बनवतो. दोस्त मिळून."

"कोणाच्या?"

"ज्याले पाहिजे त्याच्या."

"आणि कोणालेच नाही पाहिजे तं?"

आई चहा घेऊन आली. काका तिच्याकडे वळले. "वहिनी, गुणाकर तेवीस साल एका खुर्चीवर बसला. याले तेवीस महिने एका गावात बसवत नाही. दीड वर्षात तिसरी नौकरी!"

"साखर कमी आहे का पाहा भाऊजी," आई म्हणाली.

निघताना दारात काकांनी आवाज खाली आणला. "ऐक. नाही करायची तं नाही कर. पण एकदा तू 'नाही' असं लिहून देलं का फाइल बंद. मंग घरात कोणालेच नाही."

रकाना ११. पूर्वानुभव

तबला, सात महिने. कराटे, पिवळ्या पट्ट्यापर्यंत. गोंदियात इंजिनीयरिंगचं एक वर्ष. मग बी.सी.ए., ते कसंबसं पूर्ण. मग कॉल सेंटर, मग दुसरं कॉल सेंटर, मग वेबसाइट.

आणि हिंदी टायपिंग, अकरा दिवस. १९९९ च्या उन्हाळ्यात बाबांनी मला पुनाराम सरांच्या टायपिंग क्लासमध्ये घातलं. लोखंडी मशीन, वर फिरणारा पंखा, कागद उडू नये म्हणून त्यावर ठेवलेला दगड. पहिले आठ दिवस अर्थ नसलेली अक्षरं. करंगळी, अनामिका, मधलं बोट, तर्जनी. मग दुसरा हात, उलटीकडून. खाली पाहायचं नाही. पाहिलं की सर पट्टी मारत.

बाराव्या दिवशी मी म्हटलं, जात नाही.

"नाही आवडलं तं सोड," बाबा म्हणाले. "तुले जे पाहिजे ते कर."

आमच्या वर्गातल्या बहुतेकांच्या बापांनी हे वाक्य कधी ना कधी म्हटलं होतं. आम्ही ते ऐकून वाढलो. त्यांना ते कोणी म्हटलं होतं का, हे विचारायचं आमच्या डोक्यात आलं नाही.

रकाना ९. अर्जाचे कारण



रकाना ७. कुटुंबातील इतर सदस्य

ईरा, बहीण, वय एकवीस, नागपूरला हॉस्टेलमध्ये. शुक्रवारी दुपारी बस स्टँडजवळच्या सायबर कॅफेतून, चॅटची खिडकी उघडून:

मी: बाबांची नोकरी तू करते का?

ईरा: हाहाहा

ईरा: थांब. तू सिरीयस आहे?

मी: फॉर्मवर मुलगी पण चालते.

ईरा: माझं कॅम्पस झालं ना दादा. जुलैत हैदराबाद. तुले नाही करायची म्हणून मी काहून करू?

मी: तसं नाही. फाइल बंद होईल.

ईरा: मग होऊ दे ना. गिल्ट नको घेऊ. आई काय म्हणते?

मी: तिनं माझं नाव लिहिलं आहे.

ईरा: ते माहीत आहे. म्हणते काय?

मी लिहिलं. पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. तिला तिकडे इतकंच दिसत असणार की चिन्मय टाइप करतो आहे. मग काउंटरवरचा माणूस ओरडला, "पाँच नंबर, टाइम खतम," आणि मी उठलो.

वाटेत खिशातला कागद काढून वाचला. दोन बाजूंचा. नोकरी घेतली तर फायदे, तोटे. नाही घेतली तर फायदे, तोटे. हा कागद बनवताना मी अकरा मित्रांना विचारलं होतं. ऑर्कुटवर ज्यांना कधी पाहिलंही नव्हतं अशा दोघांनासुद्धा. आई त्या कागदावर एकाच ठिकाणी होती. नोकरी घेतली नाही तरच्या तोट्यांत, पाच क्रमांकावर: आई एकटी.

रकाना ७, पुढे चालू

आशालता देवतळे, पत्नी, वय शेहेचाळीस.

शनिवारी अडीच वाजता ती बाहेर जायला निघाली होती. रोज त्या वेळी भजनाला जाते, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. बरं वाटलं होतं मला. मन रमेल.

"आई, बस जरा."

ती पिशवी मांडीवर घेऊन बसली.

"मी नाही करत ती नोकरी."

"हौ," ती म्हणाली.

ती रडेल असं मला वाटलं होतं. निदान बाबांचं नाव घेईल. मी उत्तरं तयार ठेवली होती, ती सगळी वाया गेली.

"ईरालेही विचारलं. ती पण नाही म्हणते."

"तिचं बरोबर आहे."

"सोमवारी लिहून देतो. मग फाइल बंद."

"होऊ दे बंद," आई म्हणाली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

तिचे दोन्ही हात पिशवीवर होते. डाव्या हाताची करंगळी दबली. मग अनामिका, मधलं बोट, तर्जनी. मग उजवा हात, उलटीकडून. परत करंगळी. तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

मी ते पाहत राहिलो. अकरा दिवस पुरे असतात, हात विसरत नाहीत.

"हे काय करते?"

"काय?"

"बोटं."

तिनं हात पदराखाली घेतले.

"पुनाराम सरांकडं जाते तू?"

"भजनाले जाते."

"तीन वाजताच्या उन्हात कोणतं भजन असते आई?"

ती हसली नाही. पिशवीचे बंद सरळ करत राहिली. "जानेवारीपासून जाते," ती म्हणाली. "हिरालाल भाऊजी एकदा म्हणाले होते, बाईले वयाची अट नाही, फक्त टायपिंग पास पाहिजे. म्हटलं पाहून तं घेऊ."

"मग माझं नाव काहून लिहिलं?"

"तुझे मामा आलते वारासिवनीहून. म्हणाले, तेवीस वर्षांचा पोरगा घरात असताना आईनं अर्ज केला तं लोक म्हणतील, पोरगा वाया गेला. तुझं नाव खराब झालं असतं. म्हणून लिहून देलं."

"आणि क्लास?"

"तो सोडवला नाही."

"मले विचारायचं ना."

"तू विचारलं मले?" हे ती रागाने बोलली नाही. भाजीत मीठ आहे का, असं विचारावं तसं बोलली.

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी विचारलं, "तुले करायची आहे का?"

आईने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. या प्रश्नाला हौ किंवा नाही म्हणायची सवय तिला नव्हती. आम्हाला शाळेपासून होती.

"मिनिटाले सत्तावीस शब्द येतात," ती म्हणाली. "तीस लागतात."

संलग्न कागदपत्रे

सोमवारी सकाळी कोर्टाबाहेर, नोटरीच्या पत्र्याखाली, दोन कागद.

एक आईचा: आपण पूर्वी सोडलेला हक्क परत घेत आहे.

एक माझा: आईला नोकरी मिळण्यास माझी हरकत नाही. मी स्वेच्छेने, कोणाच्या दबावाशिवाय लिहून देत आहे.

नोटरीने चष्म्यावरून पाहिलं. "काल के दिन पोरगा पाहिजे होता, आज आई पाहिजे. तुमच्या घरी हौ म्हणणारं कोणी हाय का नाही?"

"आहे," मी म्हटलं.

माझा कागद तीन ओळींचा होता. स्वेच्छेने या शब्दावर माझं पेन जरा अडकलं. तेवीस वर्षे मी दुसरं काही केलंच नव्हतं.

रकाना ९. अर्जाचे कारण

नवा फॉर्म हिरालालकाकांच्या टेबलावर भरला. शेजारची खुर्ची रिकामी होती. गादीचा मधला भाग अजून खोल होता. आई तिच्यावर बसली नाही, एक स्टूल ओढून घेतलं. बाबांचं नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख, सगळं तिनं न थांबता लिहिलं. नवव्या रकान्यावर थांबली.

"लिहा वहिनी, भरण-पोषण," काका म्हणाले. "सगळे तेच लिहितात."

"आई, तुले जे वाट्टे ते लिही," मी म्हटलं.

ऑर्कुटवर एक जागा असते, स्वतःबद्दल लिहायची. कितीही लिहा. मी ती दोन वर्षांत नऊ वेळा बदलली होती.

आईनं दीड बोट जागेकडे पाहिलं. पेनाचं टोक कागदाच्या वर होतं. मागे दोन माणसं आपली फाइल घेऊन उभी राहिली. काकांनी घसा खाकरला.

"असं लिहीत नसतात," ती मला हळू म्हणाली आणि लिहिलं: भरण-पोषण.

अक्षर सुंदर होतं. तिचं अक्षर मी पहिल्यांदा नीट पाहिलं.

काकांनी कागद एकमेकांवर ठेवले, भोक पाडलं, दोरा ओवला. "आता फाइल साहेबाकडं जाईन. महिना, दोन महिने. तोवर तीस करा वहिनी."

"हौ भाऊजी."

बाहेर ऊन खूप होतं. आईनं पदर डोक्यावर घेतला. आजवर मी प्रत्येक वेळी घरातून निघालो तेव्हा ती दारात उभी होती. गोंदियाला निघालो तेव्हा, परत आलो आणि पुन्हा निघालो तेव्हा, पुण्याला निघालो तेव्हा. रिक्षा वळेपर्यंत. मी मागे वळून पाहायचो, कधी नाही पाहायचो. ती असणार हे माहीत असायचं.

"उद्या तुझी बस किती वाजता?"

"सव्वातीन."

"मग मी नसेन," आई म्हणाली. चालता चालता तिनं पिशवीतून घराची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. "कुलूप नीट लावजो. ओढून पाह्यजो. किल्ली शेजारी तुळसाबाईकडं ठेवजो."