आंदण परत नेणारी घरमोटार

मी एक जुनी घरमोटार आहे. हसू नका, मित्रांनो. आज माझ्या खिडक्यांतून कोंबड्या ये-जा करतात, चाकांच्या जागी विटा आहेत आणि अकोल्याच्या या कापसाच्या जिनिंगच्या आवारात मला सगळे खटारा म्हणतात. पण एकोणीसशे त्रेपन्न साली माझ्यासारखी दुसरी अख्ख्या वऱ्हाडात नव्हती. हे मी तोऱ्यात सांगते, कारण तोऱ्याशिवाय माझ्याकडे आता काही उरलेलं नाही.

जन्माने मी लष्करी ट्रक. लढाई संपली आणि मी लिलावात निघाले. जिनिंगचे मालक गोवर्धनराव यांनी मला घेतलं. त्यांनी एका परदेशी मासिकात चित्र पाहिलं होतं. स्पेन देशातल्या डोंगरांत, उन्हाळ्याच्या तोंडी, गोरी माणसं चाकांवरच्या घरात बसून मजेत हिंडत होती. झालं! मालकांना तेच हवं झालं. सुताराने माझ्या पाठीवर सागवानी घर बांधलं. आत झोपायला बाकं, बाकांखाली खण, स्टोव्हसाठी पत्र्याचा ओटा, खिडक्यांना जाळी. लोक मुद्दाम बघायला यायचे आणि तोंडात बोट घालायचे.

मालकांच्या बायकोचं नाव कौशल्या. लग्नाला सात वर्षं होऊनही मूल नव्हतं. मालकांच्या आईने, गोदाबाईंनी, दुसरी मुलगी बघून ठेवली होती. तेव्हा दुसरी बायको करायला कायद्याची आडकाठी नव्हती. नव्या मुलीच्या बापाची मात्र एक अट होती, पहिली घरात नको. मायलेकांनी पुढचं सगळं माझ्याच पायरीवर बसून ठरवलं. गाडीसमोर कोण लाजतो?

"माय, तिले सांगाले माही जीभ उचलत नाई," मालक म्हणाले.

"तुले सांग कोन म्हन्ते? तिले फिराले नेऊ. चिखलदरा दाखवू. अन् येता येता तिच्या मायच्या दारात उतरवून देऊ. इथून काढली तं रडारड होईन, गाव जमा होईन. तिचं आंदनबी त्याच गाडीत जाईन. एका खेपेत काम!"

आंदण म्हणजे लग्नात माहेरून आलेली, मुलीचं नाव कोरलेली पितळी भांडी. आंदण माहेरी परत गेलं की संसार मोडला. मग कुणी कुणाला काही विचारत नाही.

आणि गोदाबाईंनी कौशल्याला काय सांगितलं? "कौशल्ये, फिरतीवर सैपाक तुह्याच भांड्यात करू. काढ माळ्यावरून सारे."

सात वर्षं ती भांडी माळ्यावर धूळ खात होती. सासूने कधी हात लावला नव्हता. कौशल्याला वाटलं, देव पावला, आत्याबाईंनी आपल्याला मानलं! चिंच लावून, राख लावून तिने पाण्याचे गुंड, भाजीचे गंज, पराती अशा घासल्या की त्यांत तोंड दिसावं. मग एकेक पुसून माझ्या खणांत लावल्या. वेडी पोर!

मोतीराम ड्रायव्हरने मला चालू केलं आणि आम्ही निघालो. अमरावती, परतवाडा, मग मेळघाटाचा चढ. चैत्र सुरू होता. मोहाची फुलं झाडाखाली पडलेली, कोरकू बाया ती टोपल्यांत वेचत होत्या. कौशल्या जाळीला नाक लावून बसली होती. प्रत्येक वळणावर "बाप्पा!" म्हणायची आणि स्वतःच हसायची.

मुक्काम पडला की ती गोवऱ्या पेटवायची, त्यात कणकेचे रोडगे भाजायची, वांग्याची भाजी करायची. ज्या सासूला सात वर्षं हिच्या भाजीत मीठच सापडत नव्हतं, ती बोटं चाटत म्हणायची, "काय हात हाय वो पोरीचा!" कापायच्या बकऱ्याला आदल्या दिवशी गूळ चारतात ना, तसलं ते कौतुक. मोतीराम मान खाली घालून जेवायचा. त्याला ठाऊक होतं.

चिखलदऱ्याला दरीच्या काठावर उभं राहून कौशल्याने नवऱ्याला विचारलं, "दर साली येऊ का जी इथं?"

मालक दरीकडे बघत म्हणाले, "पाहू."

परतीला चांदूर रेल्वे गावावरून कौंडण्यपूर गाठलं. पलीकडच्याच गावात कौशल्याचं माहेर. "इतके जवळ आलो तं चार दिस मायपाशी राहून घे," गोदाबाई म्हणाल्या. कौशल्याला आनंद मावेना. वर्धा नदीच्या पाण्यात तिने सगळी भांडी पुन्हा घासली.

"एक गंज ठेवते, आत्याबाई. तुमाले वाटेत च्याले लागन."

"नको. सारे घेऊन जा."

माझा आवाज ऐकून दारात तिची आई पार्वताबाई भाकरतुकडा ओवाळायला उभी होती. मोतीराम एकेक भांडं अंगणात मांडू लागला. परात आली, गुंड आला, आणि पार्वताबाईच्या हातातला तुकडा खाली पडला.

"हे काहून उतरवून राहिले जी?"

"आमी यातच रांधत होतो, माय! पाय ना, कसे चमकून राहिले!" कौशल्या म्हणाली.

पार्वताबाई माझ्या खिडकीशी आली. "जावईबापू, पोरीले तोंडावर तं सांगा."

"ऊन चढून राहिलं, मोतीराम, चाल," गोदाबाई म्हणाल्या.

कौशल्याने खिडकीतून रोडग्यांचं गाठोडं आत दिलं. "वाटेत खाऊन घेजा. अन् मले न्याले लवकर या."

मालकांनी गाठोडं घेतलं. हो, घेतलं! चांदूरच्या पुढे सावलीत थांबून मायलेकांनी ते रोडगे खाल्लेसुद्धा. मोतीराम म्हणाला, "मले भूक नाई."

नवी सून आली. "या गाडीत तिच्या सैपाकाचा वास येते," म्हणाली आणि पुन्हा कधी चढली नाही. तेव्हापासून मी इथे उभी आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूने शेवटी 'मला जपा' म्हणायचं असतं. मला नका जपू. भंगारवाला आला तर खुशाल विका. पण मोठे झाल्यावर घरातलं माणूस नकोसं झालं, तर त्याला घराच्या दारात उभं राहून तसं सांगा. खोटं गोड बोलून गाडीत बसवू नका. त्या दिवशी वळणावरून मी मागे पाहिलं होतं. पार्वताबाई उंबऱ्यावर डोकं धरून बसली होती. कौशल्या आमच्याकडे बघून हात हलवत होती, आणि हसत होती.