रिकामं चालू करायचं न्हाई

बसवकल्याणच्या बसस्टँडजवळ चन्नवीरप्पांनी नवं दुकानांचं संकुल बांधलं होतं. तिथल्या पार्किंगमध्ये गाडी आली की टोकन मिळत नव्हतं. गाडी नसली की मिळत होतं.

संकर्षण त्या टोकनाकडे बघत उभा होता. समोर मोकळी वाट, आडवा बंद दांडा, आणि मशीननं नुकतंच रिकाम्या हवेच्या स्वागताला बाहेर टाकलेलं हिरवं टोकन. ते घरंगळत येऊन त्याच्या बुटाशी थांबलं. मागोमाग एक मारुती आली. मशीन गप्प. ड्रायव्हरनं बटण दाबलं, मशीन थापटलं, हॉर्न वाजवला. शेवटी राखणदार काशप्पानं बुटाजवळचं टोकन उचललं, सदऱ्याला पुसलं, खिडकीतून आत दिलं आणि किल्ली फिरवून दांडा वर केला.

"चालायलंय की साब," काशप्पा म्हणाला. "मशीन टाकायलंय, मी द्यायलोय."

तसं पाहिलं तर ह्या कामात गूढ काही नव्हतं. प्रवेशाच्या काँक्रीटमध्ये चौकोनी खाच पाडायची, तिच्यात तारेची वेटोळी पुरायची. वर गाडी उभी राहिली की तिच्या लोखंडाची चाहूल तारेला लागते, तार पेटीला कळवते, पेटी टोकन सोडते. बीदरच्या पॉलिटेक्निकात संकर्षणनं हेच वर्षानुवर्षं शिकवलं होतं आणि फळ्यावर ते एकदाही बिघडलं नव्हतं. त्या भरवशावर नोकरी सोडून त्यानं स्वतःचा धंदा काढला. वडील रामाचार्य, निवृत्त हेडमास्तर, एवढंच म्हणाले होते, "आपल्या घरात आजवर कुणी काही विकलेलं नाही. बघ, जमतंय का."

हे पहिलंच मशीन. दांड्यावर त्याच्या फर्मचं नाव तांबड्या अक्षरांत होतं, आणि बीदरहून येणारी प्रत्येक बस ते वाचून पुढे जात होती.

चन्नवीरप्पांनी निकालही देऊन ठेवला होता. "इंजिनियरसाब, बाजाराच्या दिवसापतुर बघतो. तवर सुधारलं तर हुमनाबाद रोडच्या मंगल कार्यालयाचं कामबी तुमालाच. न्हाई तर उखडून घिऊन जावा. पण दिवसाच उखडा. रात्री उखडलं तर लोक म्हणतील, चोरी झाली."

बाजार उद्यावर आला होता.

गोंधळ असा होता, की मशीन संकर्षणच्या हाताखाली अगदी शहाण्यासारखं वागायचं. तो दुपारी पेटी बंद करून पुन्हा चालू करायचा. मग गाडी आली की टोकन, गेली की दांडा खाली. चार गाड्यांवर खात्री करून तो संध्याकाळची बस धरायचा. दुसऱ्या दिवशी येऊन बघावं, तर मशीन परत हवेला टोकन वाटत बसलेलं. त्यानं तार बदलली. खाच नव्यानं पाडली. पेटीची संवेदना कमी केली, वाढवली, मग पुन्हा होती तिथं आणली. त्यानं व्होल्टेजवर संशय घेतला, काँक्रीटमधल्या सळ्यांवर घेतला, शेजारच्या मोबाइल टॉवरवर घेतला आणि संशय घ्यायला काही उरलं नाही तेव्हा काशप्पावर घेतला. टोकन हातानं द्यायचं काम आधी त्याचंच तर होतं.

"सकाळी तुम्ही मशीनला काय करता?"

"चालू करतो."

"कसं?"

"बटण दाबून."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी बंद असतंय की साब. अप्पांनी सांगितलंय, रातीला लाईट फुकट जाळायची न्हाई."

ह्यात खोट काढायला जागा नव्हती. त्या दिवशी संकर्षण गावातच लॉजवर राहिला.

सकाळी चन्नवीरप्पांनी, म्हणजे अप्पांनीच, चहाला बोलावलं. संकुलाच्या फाटकासमोरच त्यांची तुरीची अडत. मुनीम गुरुबसव दुकान उघडत होता. त्यानं काट्याला विभूती लावली. मग डब्यातून गुळाचा मोठा खडा काढला, इलेक्ट्रॉनिक काट्यावर मध्यभागी ठेवला आणि त्यानंतर बटण दाबलं. काट्यावर शून्य आलं. गुरुबसवनं हात जोडले, खडा उचलून डब्यात ठेवला. काट्यावरच्या आकड्यापुढं उण्याची आडवी रेघ आली.

"गूळ कामून ठेवता?" संकर्षणच्या तोंडूनही 'कामून'च निघालं.

"थोरल्या अप्पापासून हाय ते," गुरुबसव म्हणाला. "रिकामं चालू करायचं न्हाई. चालू करताना रिकामं असलं की दिवसभर रिकामं ऱ्हातंय."

"पण आता तो उणे दाखवतोय."

"रातभर उपाशी हाय न वो ते. पोतं पडलं की बरोबर हुतंय."

मुडबीकडचा एक शेतकरी तुरीचं पोतं घेऊन आला. पोतं काट्यावर पडलं, उण्याची रेघ गेली, आकडा आला. शेतकऱ्यानं आकडा बघितला, मुनीमानं बघितला, अप्पांनी चष्मा वर करून बघितला. सगळ्यांचं समाधान झालं. फक्त संकर्षणच्या डोक्यात काहीतरी हललं, पण काय ते हाती लागेना.

तेवढ्यात समोर काशप्पाचा आवाज आला. "या, या, अजून थोडं मागं! बस!" अप्पांची जीप मागं येऊन नेमकी पुरलेल्या तारेवर थांबली. काशप्पानं चाकाखाली लिंबू ठेवलं, मशीनला उदबत्ती ओवाळली आणि बटण दाबलं. मग लिंबू चिरडत जीप आत सावलीत निघून गेली. मशीननं मोकळ्या वाटेला टोकन दिलं.

संकर्षणचा चहा बशीत सांडला.

"काय झालं?" अप्पा म्हणाले. "घावलं का काही?"

घावलं होतं. मशीन चालू होताना अंगावर जे असेल, त्यालाच ते रिकामं समजत होतं. रोज सकाळी जीप म्हणजे काही नाही असं शिकायचं, आणि मग काही नाही म्हणजे गाडी असा त्याचा समज व्हायचा. फळ्यावर हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण इथं फळ्याच्या जागी काटा होता, आणि काट्याशेजारी तो शेतकरी बशी फुंकत बसला होता. मशीनचं म्हणून जे वाक्य बोलायचं, ते शब्द न बदलता काट्यालाही लागू पडत होतं; म्हणजे पोत्यामागं खडाभर तूर फुकट. संकर्षणनं उघडलेलं तोंड मिटलं. अप्पा त्याच्याकडे बघत होते. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, की सगळं ठाऊक होतं, हे त्यांच्या चष्म्यावरून कळेना.

"अप्पा," तो शेवटी म्हणाला, "रिकामं चालू करू नये हे खरंच. पण जीप फार होते त्याला. गूळ ठेवून बघू. मशीनच्या डोक्यावर."

"गुळानं भागतंय?"

"गुळात लोखंड नसतं."

"हां," अप्पा म्हणाले. जणू त्यांना तीच शंका होती.

वाट मोकळी ठेवून, डोक्यावर खडा घेऊन मशीन पुन्हा चालू झालं. ट्रॅक्स आली, टोकन मिळालं. कार आली, मिळालं. बाजाराची गर्दी दुपारपर्यंत शिस्तीत आत जात राहिली. काशप्पाला करमेना.

"आता मी काय करू साब?"

"मुंग्या झटका," संकर्षण म्हणाला. खडा मुंग्यांनी काळा झाला होता.

निघताना तो अडतीत गेला. तिथं पोत्यांची रांग लागली होती. त्यानं धीर करून विषय काढला. "अप्पा, काट्यालाही तो खडा तसाच, आकड्यांच्या पेटीवर ठेवला तर..."

"काट्याचं ऱ्हाऊ द्या," अप्पा हसून म्हणाले. "त्याला जुनी सवय हाय. मंगल कार्यालयाचं माप घ्यायला कवा यायलाव?" आणि मुनीमाकडे वळून, त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "इंजिनियर चांगला माणूस हाय. जास्त बोलत न्हाई."

संकर्षण जास्त बोलला नाही.

घरी रामाचार्य वाटच बघत होते. "जमलं?"

"जमलं."

"बिघाड कशात होता?"

"चालू करण्यात."

"म्हणजे चूक कुणाची?"

संकर्षण बूट काढायला वाकला. तेवढ्यात बायको भार्गवी आतून आली आणि पहिलं काम फत्ते झालं म्हणून तिनं त्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. एवढासा तो खडा, पण वजनाला किती भरेल, ह्याचा त्याला काही केल्या अंदाज येईना.