तीनचा खेळ

हिराची किंकाळी फुटली तेव्हा पडद्यावर अजून काहीच घडलं नव्हतं. जिन्याच्या टोकाला एक बंद दार दिसत होतं, एवढंच. बायकांच्या बाजूला बसलेल्यांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात दार किलकिलं झालं, फटीतून एक पांढरा हात बाहेर आला आणि कंदील विझला. मग सगळ्याच ओरडल्या, आणि ओरडून झाल्यावर एकमेकींना चापट्या मारत हसल्या.

"तुका आधीच ठावक होता?" शेजारच्या बाईने विचारलं. "कितव्यांदा बघतंस गो?"

"पाचव्यांदा," हिरा म्हणाली. ती हसत नव्हती.

बासष्ट सालची गोष्ट. मालवणातल्या पत्र्याच्या टॉकीजमध्ये ते भुताचं चित्र लागून दुसरा आठवडा चालू होता. हिरा सकाळभर बाजारात मासे विकायची. पाटी रिकामी झाली की हात धुवायची आणि तीनच्या खेळाला येऊन बसायची.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर एकाएकी वादळ उठलं होतं. तिचा नवरा गुणाजी ज्या होडीवर गेला होता, ती परत आली नाही. होडीवर चौघे होते. तिघांची प्रेतं किनाऱ्याला लागली. गुणाजीचं लागलं नाही. त्या तिघांच्या बायका वाळूत लोळून रडल्या. हिराही तोंड उघडणार, तोच तिच्या सासूने, हौसाबाईने, तिचा दंड धरला.

"माझ्या झिलाक मेलेलो कोणी बघूक नाय. खंयच्या तरी गलबतार चढलो असतलो. येतलो तो. तू रडलंस तर तो मेलो असो अर्थ होतलो. रडाचा आसा तर माझ्या घरातसून भायर पड."

हिराचे आईबाप कधीच वारले होते. जायला दुसरं दार नव्हतं. तिने कुंकू ठेवलं, बांगड्या ठेवल्या आणि तोंड मिटून घेतलं. बाजारातल्या बायकांना कळेना, हिला सवाष्ण समजायचं की काय. हळदीकुंकवाला बोलवायच्या नाहीत आणि सांत्वनालाही कुणी यायचं नाही. रात्री वाऱ्याने कवाड वाजलं की सासू उठून बसायची, "गुणाजी?" म्हणायची. हिरा अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहायची. दर वेळी.

शेजारच्या विमलाने तिला ओढून नेलं म्हणून ती पहिल्यांदा टॉकीजमध्ये आली. दारातून तो हात निघाला, बायका किंचाळल्या आणि हिराच्या तोंडूनही आवाज निघाला. इतका मोठा, की तीच दचकली. त्या अंधारात तो आवाज कुणाचा, हे विचारणारं कुणी नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन ती पोटभर जेवली आणि सकाळपर्यंत झोपली. पडद्यावरची भीती ठरल्या वेळी यायची आणि ठरल्या वेळी संपायची. घरातली भीती तशी नव्हती.

पण गावात कुजबुज सुरू झाली. हिराला बाधा झालीय, ती रोज भुताकडे जाते. कुणीतरी ते हौसाबाईच्या कानावर घातलं.

चित्राचा तो शेवटचा दिवस होता. मध्यंतर होऊन गेलं होतं. हिरा पदराचं टोक मुठीत धरून जिन्याची वाट पाहत होती, इतक्यात मागचं दार उघडलं, उजेडाची पट्टी आत आली. दारावरच्या भिकाजीच्या बॅटरीमागून हौसाबाई काठी टेकत येत होती.

"ऊठ."

"ह्या संपांदे, आये." हिराने सासूचा शब्द पहिल्यांदाच मोडला होता.

"लोक काय म्हणतत ठावक आसा? माझो झील येतलो तेव्हा तेका सांगतले, तुझी बायल खुळावली!"

मागून कुणीतरी "बसा गो खाली" म्हणून ओरडलं. हौसाबाई नाइलाजाने बसली. तिने हिराचं मनगट घट्ट पकडलं, बांगड्या कातडीत रुतल्या.

"आज आराडान बघ. आराडलंस तर परत घराक येव नको."

पडद्यावरची मुलगी कंदील घेऊन जिना चढू लागली. हौसाबाईने आयुष्यात सिनेमा पाहिला नव्हता. मुलगी एक पायरी चढायची, कुणाला तरी हाक मारायची, थांबायची. उत्तर येत नव्हतं. पुन्हा एक पायरी, पुन्हा हाक. हिराने पदराचा बोळा तोंडात कोंबला. घशातून किंकाळी वर सरकत होती. तिने दात आवळले. दाराची फट दिसली. हात आला. कंदील विझला.

बायका किंचाळल्या. मग नेहमीसारखं हसू पसरलं.

एक किंकाळी मात्र थांबेना.

हिराने घाबरून स्वतःचं तोंड दाबलं. तोंडात बोळा तसाच होता. आवाज शेजारून येत होता.

"माझो झील बुडालो गो!" हौसाबाई दोन्ही हातांनी ऊर पिटत होती. "गुणाजी माझो बुडालो! तीन वर्सां झाली गो!"

हसणं विरलं. कुणी शुक्-शुक् केलं नाही. हिराने पदर तोंडातून काढला आणि सासूच्या मांडीवर पडून ती रडू लागली. भिकाजी धावत आला, त्याने बॅटरी रोखली, पाहिलं आणि बॅटरी विझवून तो तिथेच अंधारात उभा राहिला. उरलेलं चित्र त्या दोघींनी पाहिलं नाही.

खेळ सुटला तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. बायकांनी बाजूला होऊन वाट दिली. दोघी घराकडे चालू लागल्या. अंगणात आल्यावर हिरा बांगड्यांकडे हात नेऊ लागली, तर सासूने तो धरला.

"ऱ्हवांदेत. तुझ्या मनाक येयत तेव्हा काढ."

मग हौसाबाई विहिरीवर गेली. सून पुढे झाली तरी तिने तिला दोराला हात लावू दिला नाही. धापा टाकत तिने एक कळशी वर ओढली आणि हिराला दगडावर बसवलं.

"न्हावन घे," ती म्हणाली. "सुतकाची आंघोळ ऱ्हवली आसा आपली."

आणि तिने पाणी सुनेच्या डोक्यावर हळूहळू ओतलं.